पुलावरच्या घंटेची नोंद

नगरपालिकेच्या दप्तरखान्यात ऊन उंच झरोक्यांतून उतरते आणि धुळीतून येताना इतके मंदावते की, माणसे पाण्याखाली बसून वाचत आहेत असे वाटावे. त्या शनिवारी माझी नात आठवीची पाच मुले घेऊन तेथे आली होती. ज्या शाळेत मी बावीस वर्षे मुख्याध्यापिका होते, तेथेच ती इतिहास शिकवते. मला साक्षीदार म्हणून खुर्चीवर बसवले होते.

विषय आमच्याच घरचा होता. माझे वडील पुलाचे चौकीदार. महापुराच्या पहाटे त्यांनी घंटा बडवून खालची आळी जागी केली, ही हकीकत गावाला पाठ आहे. शाळेच्या सोमवारच्या प्रदर्शनातला पहिला तक्ता तिचाच, त्यावर वडिलांचा फोटो; मुलांनी तो सोबत आणून भिंतीशी टेकवला होता.

ती घंटा मी ऐकली आहे. सहा वर्षांची होते, आईच्या कुशीत. दाट धुक्यातून एकेक टोल असा येत होता, जणू नदीच झोपेत कण्हत होती. पुढे शाळेत मी मुलांना दटावीत असे: कागद दाखवा, मग इतिहास म्हणा; तोवर ती गोष्टच. या गोष्टीचा कागद मात्र मी कधी मागितला नाही. घरच्या माणसाकडे दाखला कोण मागतो?

पानांवरून सावकाश सरकणारी एक मुलगी होती. तिला सारे मुंगी म्हणत. आवक-जावक नोंदवहीत तिचे बोट थांबले. पुलावरची घंटा तडकल्यामुळे नव्याने ओतून घ्यायला ओतशाळेत पाठवली होती, पुराच्या नऊ दिवस आधी. परत आली दीड महिन्याने. तिने हे आपल्या बाईंच्या, माझ्या नातीच्या, कानात सांगितले. पण माझे कान अजून शाबूत आहेत.

नात म्हणाली, तक्ता तूर्त आहे तसा राहू दे. दप्तरदार माझाच विद्यार्थी. जावक नोंदीतही चुका होतात, असे तो चाचरत म्हणाला. शाळेत असताना माझी चूक काढायला तो धजला नव्हता, आजही धजेना.

घंटा नव्हती, तर त्या पहाटे वडील कोठे होते? चौकीत घोरत? ऊन टेबलावरून सरकत होते.

"फोटो उतरवा," मी म्हणाले. "आणि चौकीदाराच्या नावाचं जे जे असेल ते बाहेर काढा."

दोन तास पानांच्या सळसळीत मी अर्धवट तरंगत होते. अखेर लाल फडक्यात बांधलेले तक्रार-अर्ज निघाले. मुंगीने पहिला वाचला. अर्जदार शिंपी, पुराच्या पहाटे पुलाच्या चौकीदाराने लोखंडी पहारीने दार ठोकून ठोकून फोडले, कडी उखडली, जाब विचारता शिवी देऊन सहकुटुंब टेकडीकडे पिटाळले, सबब बंदोबस्त व्हावा. जीव वाचला त्याचे काही नाही, कडीचे मात्र दुःख.

असे चौदा अर्ज होते, सारे खालच्या आळीतले.

"आजी, शिवी कोणती ते लिहिलेलं नाही," मुंगी गंभीरपणे म्हणाली.

मला ती ठाऊक आहे. तीच ऐकत आम्ही मोठे झालो. सांगितली नाही.

मग तिने भीत भीत विचारले, "तुम्ही ऐकलं ते काय होतं?"

मी डोळे मिटले. धुके होते, आईचा ऊबदार दंड होता, आणि दूरवर लोखंड लाकडावर आदळत होते. की मी आता ते तसे ऐकू लागले होते? सांगता येईना.

"लिही," मी म्हणाले. "घंटा वाजली नाही. साक्षीदार चुकली."

"आजी, चुकली कशाला? आठवण पुसट आहे, असं लिहू," नात म्हणाली.

"चुकली. आणि फोटो परत लावा. खाली शिंप्याचा अर्ज."

मुंगीने जबाबाचा कागद पुढे सरकवला. दप्तरखान्यात शाई चालत नाही, म्हणून मी पेन्सिलीने सही केली, ठसठशीत, वडिलांच्या नावासकट.