शुक्रवारी मेन बंद

शादाबने कागद टेबलावरून तिच्यापुढे सरकवला आणि पेन त्यावर आडवे ठेवले. कागदावर चार ओळी होत्या. गेल्या शुक्रवारी शेडचा रखवालदार चिंधू याने परवानगीशिवाय मेन स्विच बंद केला, त्यामुळे सर्व्हर-रूमचा एसी बंद पडला आणि संघाची यंत्रे तापून थांबली, असे त्यांत म्हटले होते. खाली धम्मदिनाचे नाव टाइप केलेले होते. सहीची जागा रिकामी होती.

"मॅडम, फक्त सही मारा. कमिटीला एक माणूस दाखवायला लागतो," शादाब म्हणाला. तो संघाचा सेक्रेटरी होता, आणि अध्यक्षांचा पुतण्याही. "चिंधूचं नाव नको असेल तर दुसरं टाकू. तुमचं."

धम्मदिनाने कागद दोनदा वाचला. चार ओळींत खोटा शब्द एकच होता, 'परवानगीशिवाय'. बाकीचे सगळे खरे होते, आणि नेमका त्याचाच तिला संताप आला. धडधडीत खोटे खोडून काढता येते. ह्या कागदाला तिची सही तेवढी हवी होती.

संघ भिवंडीतल्या बावीस यंत्रमागधारकांचा. त्यांची कापडाची डिझाइने पूर्वी एका बाहेरच्या कंपनीच्या यंत्रांवर ठेवलेली असत. एका सभासदाचे डिझाइन त्याच्या आधी दुसऱ्याच्या मागावर विणून निघाले, तेव्हा अध्यक्ष अब्दुर्रहमानशेठ म्हणाले की आपला माल आपल्या घरात ठेवायचा. भौतिकशास्त्र शिकलेल्या खारबावच्या धम्मदिनाने ते घर चौदा महिन्यांत उभे केले. पाच जुने सर्व्हर एकमेकांना असे जोडले की बाहेरून ते एकच दिसावेत, आणि एक बसला तर त्याचे काम उरलेल्यांनी न सांगता उचलावे. शेठ सगळ्यांना कौतुकाने सांगत, आपला स्वतःचा क्लाउड आहे.

हा क्लाउड शेठच्या वडिलोपार्जित शेडमध्ये, अर्धी जागा भिंत घालून तोडून, बसवला होता. भिंतीपलीकडे आठ माग चालत. सर्व्हरना नवी लाइन आणि बॅटऱ्या मिळाल्या. एसी मात्र शेडच्या जुन्या मेनवरच राहिला. तो वेगळा करावा म्हणून धम्मदिनाने तीन अर्ज दिले. तिन्हींवर शादाबने एकच शेरा मारला होता: नंतर बघू.

शुक्रवारी माग बंद असतात. शेजारच्या गल्लीत फार वर्षांपूर्वी बंद शेडमधल्या कापसाच्या धुळीने विजेच्या ठिणगीवरून पेट घेतला होता. त्यानंतर शेठच्या वडिलांनी मेनच्या खटक्याशेजारी लाल रंगात लिहून घेतले: 'शुक्रवारी मेन बंद'. चिंधू एकतीस वर्षे दर शुक्रवारी सकाळी सातला तो खटका खाली ओढत आला होता. धम्मदिनाने त्याला एसीचे समजावून सांगितले, तेव्हा त्याने नीट ऐकून घेतले आणि म्हणाला, "माजं काय जातंय, बाय? शेटनी सांगितलं तं ठेवीन चालू. पन भितीवं लिवलेलं हाय ना." ह्या युक्तिवादात तिला दोष सापडला नाही.

म्हणून ती स्वतः येऊ लागली. सुटीच्या दिवशी साडेसातला खारबावहून स्कूटरवर यायचे, मागांचे फ्यूज काढून ठेवायचे, खटका वर करायचा आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसायचे. असे सव्वीस शुक्रवार गेले. सत्ताविसाव्याला ती आईला घेऊन अकलोलीच्या गरम कुंडांवर गेली. गरम पाण्याने गुडघ्यातली झीज भरून येत नाही, हे तिने आईला सांगून पाहिले होते. आईने शांतपणे ऐकले आणि टॉवेल पिशवीत भरला. अकलोलीत फोनला रेंज नव्हती. परतताना अंबाडी नाक्यावर सर्व्हरचे एकेचाळीस इशारे फोनवर एकदम येऊन आदळले. तेच इशारे शादाबच्याही फोनवर गेले होते. त्याने ते महिन्याभरापूर्वीच मुके करून ठेवले होते.

खोलीचे तापमान एकावन्न अंशांवर गेले होते. पहिला सर्व्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद झाला, त्याचे काम चौघांवर पडले, ते अधिक तापले. मग तिघांवर, मग दोघांवर. सगळ्यांत जुना शेवटपर्यंत चालत राहिला आणि त्याच्या डिस्क जळाल्या. नव्या डिस्क घालून, खारबावच्या गोदामात ठेवलेल्या प्रतीवरून तिने दोन दिवसांत सगळे परत उभे केले. एकही डिझाइन हरवले नाही. पण शनिवारी बावीस जणांचे माग बंद राहिले होते, आणि तेवढेच कमिटीच्या लक्षात होते.

"शेठ," ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या अध्यक्षांकडे वळून म्हणाली, "चिंधूदादांची परवानगी भिंतीवर आहे. तुमच्या अब्बांनी लिहिलेली."

अब्दुर्रहमानशेठनी चष्मा काढला. "ते मागांसाठी होतं, बेटा. एवढं कळायला नको?"

"मला कळत होतं, म्हणून सव्वीस शुक्रवार मी येऊन खटका वर करत होते."

शेठना हे ठाऊक नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. शादाब मात्र हसला. "मग सत्ताविसाव्याला का नाही आलात?"

तिचा गिळून टाकलेला राग सगळा वर आला, आणि त्यातला बराचसा स्वतःवरचा होता. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते तर तिने त्याची वही परत फेकली असती. जो दोष नोंदला जायला हवा होता तो तिने दर आठवड्याला स्वतःच्या हाताने पुसला होता, आणि व्यवस्था चालते असा निष्कर्ष ह्या लोकांना फुकट मिळाला होता.

तिने पेन उचलले. 'परवानगीशिवाय' हा शब्द सरळ रेघेने खोडला, वर 'भिंतीवरील नियमानुसार' असे लिहिले आणि खाली सही केली.

"हे नाही चालणार, मॅडम."

"माझ्याकडे दुसरं नाही. चिंधूदादांना काढलंत, तर हाच मजकूर तीन अर्जांसकट बावीस जणांना जाईल."

शादाबने शेठकडे पाहिले. शेठनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि पुढच्या मीटिंगला बघू म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी धम्मदिना सहालाच शेडवर आली. तिने सभासदांना आदल्या दिवशी लेखी कळवले होते. एकेका सर्व्हरवरचे काम थांबवत, ठरल्या क्रमाने, तिने पाचही बंद केले. चाळीस मिनिटे लागली. सातला चिंधू आला. दाराशी थबकला.

"बाय, आज खटका वं नको करू. माज्या नावावं येतंय."

"नाही करणार. ओढा तुम्ही."

त्याने खटका खाली ओढला. एसीची घरघर थांबली, तशी इतक्या महिन्यांत प्रथमच त्या खोलीत बाहेरच्या चिमण्या ऐकू आल्या. फोन वाजला. शादाब होता. सुरतेचा व्यापारी समोर बसलाय, डिझाइन उघडत नाहीये.

"शुक्रवार आहे," ती म्हणाली. "मेन बंद आहे."

पलीकडून बराच वेळ बोलणे चालू राहिले. तिने फोन पालथा ठेवला. चिंधूने स्टूल पुसून तिच्याकडे सरकवले, आणि ती नोंदवही मांडीवर घेऊन बसली. वेळ, सात वाजून चार मिनिटे. तापमान, चोवीस अंश. कारण ह्या रकान्यात तिने भिंतीवरचे तीन शब्द जसेच्या तसे उतरवले आणि खाली पूर्ण नाव लिहून सही केली.