जुबिली बेंडची हजेरी

गुलामी उठल्यावर सोळा कुटुंबांनी टेक्सासमध्ये नदीकाठी वसवलेलं जुबिली बेंड आता फक्त जमिनीखाली उरलं होतं. घरं गेली, चर्च गेलं, माणसं पोटामागे ह्यूस्टनला पांगली. राहिलं कबरस्तान, तेही धरणात जाणार. आज संध्याकाळपर्यंत ज्या कबरी दाखवाल त्या टेकडीवर हलवू, बाकीच्यांवर पाणी, असं सरकारी मोजणीदारानं सरळ सांगितलं होतं.

दगड कुणाला परवडले होते? मेलेल्याची कपबशी फोडून कबरीवर ठेवायची, हीच काय ती खूण. आणि गेल्या रविवारी ह्यूस्टनच्या चर्चमधल्या उत्साही पोरांनी साफसफाईच्या नावाखाली ट्रकभर खुणा कचऱ्यात नेल्या. करायला गेले काय अन् झालं काय.

म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांची लुवेनिया कंबर कसून उभी राहिली. लग्न होईपर्यंत दर शनिवारी हे कबरस्तान तिनं झाडलं होतं. गवताची काडी राहू द्यायची नाही, असा गावाचा दंडक. सगळेच हवे होते तिला, पण आई पाण्याखाली गेली तर ती स्वतःला माफ करणार नव्हती.

"आजी, इथं तर काहीच दिसत नाही," मोजणीदार म्हणाला. त्याच्या हातात लोखंडी सळई होती.

"तुला डोळे आहेत, मला पाय आहेत. चल मागनं."

ओकच्या झाडापासून सात पावलं. "मोझेल मावशी. खुपस."

सळई लोण्यात शिरावी तशी आत गेली. एकदा उकरलेली माती भुसभुशीतच राहते.

आणखी चार पावलं. "थॅडियसकाका. हा घोरायला लागला की पाद्री प्रवचन थांबवायचा."

पुन्हा आत! मोजणीदारालाही आता चेव चढला. तो स्वतःच पुढचं नाव मागू लागला, आणि लुवेनिया सतरा वर्षांची असल्यासारखी झपाझप चालत सुटली.

"हळू, लू. गुडघे तुझेच आहेत ना, का उसने आणलेस?" धाकटा भाऊ ऑझी मागून म्हणाला.

"तू बोलूच नकोस. पंधराव्या वर्षी शहरात पळालास. तुला काय कळतंय इथलं?"

चाळीस कबरी सापडल्या. उरली एकच.

"इथं आई," ती कुंपणाशी थांबली.

सळई ठण्णकन अडली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. दगडासारखी जमीन.

ऑझीला जन्म देताना आई गेली, तेव्हा लुवेनिया सात वर्षांची होती. पुढे या कोपऱ्याकडे बघायचाही तिला धीर झाला नाही. तेवढी जागा मावशीच झाडायची. अख्खं गाव पाठ, आणि आईच सापडेना.

ऑझी कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला गेला. "इथं बघा, साहेब."

सळई पार मुठीपर्यंत आत गेली.

"तुला कसं ठाऊक?" तिनं वळून विचारलं.

"लहानपणी मावशीनं दाखवलं होतं. दर वाढदिवसाला येतो मी." ऑझीनं हॅट काढली. "त्या दिवशी दुसरीकडे कुठं जाणार होतो, लू?"

छप्पन्न वर्षं तिनं त्याला पळपुटा म्हटलं होतं. मोजणीदार वही उघडून नावासाठी थांबला होता. लुवेनियानं ऑझीचा दंड घट्ट धरला.

"नाव तू सांग," ती म्हणाली.