वीस ठेव

सारंगच्या गाडीच्या इंजिनातल्या रिंगा घासायच्या आणि सितारामच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा, दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात आल्या. तसं झालं नसतं तर रिंगांचं काम सिताराम मेकॅनिकने कुणाच्या हाती सोडलं नसतं, पोटच्या लेकीच्याही नाही.

गाडी टर्बोची होती, पेट्रोलवरची. कंपनीतून निघाली तेव्हा दीडशे हॉर्सपॉवरची. परभणीच्या आबासाहेबांचा मुलगा सारंग, त्याला ती साडेतीनशेची करून हवी होती. मोठा टर्बो, जाड रॉड, घडीव पिस्टन असं सगळं सामान त्याने पुण्याहून मागवलं आणि ताडकळसला सितारामच्या घरामागे आणून टाकलं. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर ते इंजिन लाकडी ठोकळ्यांवर उघडं पडलं होतं. वरून त्याच्या बायकोचं, मालनबाईचं जुनं लुगडं झाकलेलं, धूळ बसू नये म्हणून.

काम खरं सुकेशनीचं होतं. सितारामची ही धाकटी लेक आयटीआय करून परभणीला एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये लागली होती. मेकॅनिक म्हणून घेतली आणि काउंटरवर बसवली. गिऱ्हाईक काय सांगतं ते लिहून घ्यायचं, पाना आतल्यांनी धरायचा. चार वर्षं तिने लिहून काढली. आता दोन महिन्यांची बिनपगारी रजा टाकून ती ही गाडी करत होती. गाडी नीट निघाली तर सारंगचे दोस्त आपल्या गाड्या आणणार होते आणि मग शोरूमला रामराम. सुकेशनीच्या नावाचा बोर्डही रंगवून तयार होता. तो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला होता.

आबासाहेबांनी मात्र आधीच सांगितलं होतं, "पोरगी करू दे. पण उस्ताद, नजर तुमची पाहिजे."

आणि नजरेवर नेमकी पट्टी आली.

सिताराम बाजेवर पडून तळमळायचा. मालनबाई म्हणायची, "पट्टी डोळ्याला हाय, कानाला न्हाई. इंजिन ऐकत पडा गप."

त्या दिवशी सुकेशनी दारात आली. हात तेलाने माखलेले म्हणून चौकटीला न टेकता उभी राहिली.

"बाबा, रिंगांची फट किती ठेवू? पिस्टनसंगं आलेल्या कागदावर नुसता गुणाकार दिलाय, तो बी इंचात."

पिस्टनची रिंग म्हणजे एका जागी तोडलेली बांगडी. तुटलेल्या दोन टोकांमध्ये केसाएवढी फट ठेवायची. इंजिन तापलं की लोखंड वाढतं आणि ती फट भरून निघते. फट कमी पडली तर टोकं एकमेकांना भिडतात, आणि वाढायला जागा नसलेलं लोखंड मग समोर येईल ते फोडतं.

सितारामने क्षणभर विचार केला. "टर्बोचं हाय, तापतंय लय. वीस ठेव."

"वीस?"

"वीस म्हणलं ना."

ती गेली. परभणीच्या स्टेशनाजवळ ज्या उस्तादाकडे सिताराम शिकला, तिथे आकडा दोनदा विचारणाऱ्याच्या डोक्यात पाना बसायचा. सितारामने लेकीला कधी मारलं नाही, पण आकडा दोनदा विचारलेला त्याला आवडत नाही हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

थोड्या वेळाने कानशीचा आवाज येऊ लागला. सितारामने सवयीने घासे मोजले. सात, आठ, आणि बंद. दुसरी रिंग. सात, आठ, नऊ, बंद. त्याला वाटलं, एवढ्यात झालं? मग वाटलं, परदेशी कानस असेल, जास्त खात असेल. उठून विचारावं असं मनात आलं होतं, पण तेवढ्यात मालनबाईने डोळ्यात थेंब टाकायला मान मागे धरली आणि ते राहून गेलं.

इंजिन गाडीत बसलं. पहिल्या झटक्याला सुरू झालं. सुकेशनीने पूर्णा रोडवर सहाशे किलोमीटर हळूहळू, टर्बो न दाबता गाडी चालवली. आवाज असा की शिवणयंत्र चाललंय. रोज ती परत आली की सिताराम बोनेटवर तळवा ठेवून उभा राहायचा आणि मान हलवायचा. एवढीच त्याची शाबासकी, आणि तेवढी तिला पुरायची.

बुधवारी सकाळी ती सारंगला द्यायचा कागद लिहून बसली. काय बदललं, काय किती ठेवलं. वही गुडघ्यावर घेऊन तिने वाचून दाखवलं.

"बेरिंग नवीन. हेडचे बोल्ट नवीन. रिंगांची फट, शून्य पॉइंट वीस एमएम."

"काय म्हणलीस?"

"पॉइंट वीस. तुमीच म्हणलाव ना, वीस ठेव."



सितारामचा वीस थाऊचा होता. जुन्या लेथवाल्यांचा आकडा थाऊतच असतो, इंचाचा हजारावा भाग. थाऊ हा शब्द कुणी उच्चारत नाही, नुसतं वीस म्हणायचं. वीस थाऊ म्हणजे अर्धा मिलिमीटर. आयटीआयमध्ये सगळं मिलिमीटरात शिकलेल्या लेकीने वीस ऐकलं आणि निम्म्याहूनही कमी फट ठेवली. सात-आठ घाशांत काम का संपलं, ते आता त्याला कळलं.

"काय झालं?" सुकेशनीने विचारलं.

"काय न्हाई. वाच पुढं."

ती वाचत राहिली. त्याला ऐकू काही येत नव्हतं. बोलायचं म्हणजे इंजिन पुन्हा खाली उतरवायचं, आणखी दहा दिवस. सारंग उद्या न्यायला येणार, रविवारी त्याची शर्यत. आबासाहेब म्हणतील, पोरीच्या हातात दिलं की असंच. नाहीतर म्हणतील, उस्ताद म्हातारा झाला, आकडा सांगता येत नाही. हे दुसरं त्याला जास्त लागत होतं, आणि ते त्याला स्वतःशी कबूल करवत नव्हतं. शेवटी त्याने मनाची समजूत घातली. सहाशे किलोमीटर झालीच की. गोड चालली आहे. टिकेल.

गुरुवारी सारंग आला. किल्ली घेतली, कागद घेतला, सुकेशनीला म्हणाला, "ताई, रविवारी जिंकलो तर पेढे इथे आणून देतो."

सितारामने खिडकीत हात ठेवला. "सारंगराव, लय दाबू नका. थोडे दिवस हळू चालवा."

"उस्ताद, साडेतीनशे घोडे बांधून दिलेत आणि म्हणता चालत न्या?"

सुकेशनी हसली. सितारामने हात काढून घेतला.

शुक्रवारी सकाळी सारंगने गाडी गंगाखेड रोडला काढली आणि मोकळा रस्ता बघून पूर्ण दाबली. तिसरा पिस्टन फुटला. रॉड इंजिनचं पोट फाडून बाहेर आला, तेल तापलेल्या टर्बोवर पडलं आणि आग लागली. गाडी थांबेस्तोवर पायांखाली जाळ होता. त्याला ओढून काढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी सांगितलं, पोरगं ओरडत नव्हतं, नुसतं बूट काढा, बूट काढा म्हणत होतं.

शनिवारी जळालेली गाडी टेम्पोवर घालून ताडकळसला आली. मागून आबासाहेब. ते आवाज चढवून बोलले नाहीत.

"दोन्ही पाय घोट्यापर्यंत भाजलेत. डाव्या पायाची बोटं राहत नाहीत म्हणतात. मी केस करणार नाही. पोरीच्या हातात दिलं, आमचंच चुकलं."

"आबासाहेब, चूक तिची न्हाई. आकडा मी सांगितला."

"बाप आहात. तुम्ही हेच म्हणणार."

ते गेले. सुकेशनीने पाने घेतले आणि जळक्या वासात इंजिन खोलायला बसली. दुपारपर्यंत तिने उरलेले तीन पिस्टन काढले. तिन्हींच्या रिंगांची टोकं आरशासारखी चकाकत होती, एकमेकांवर घासून. तिने ती बोटांनी चाचपली, बराच वेळ.

"फट कमी पडली," ती म्हणाली. "मला शंका आली होती. मी परत विचारायला पायजे होतं."

"मी वीस थाऊ म्हणलो होतो," सिताराम म्हणाला. "तू एमएम धरलंस."

तिने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी सैल झालं. म्हणजे हात चुकला नव्हता. सांगितलं तेवढं तिने बरोबर केलं होतं.

मग तो सैलपणा गेला.

"तुमाला कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच कळलं म्हणायचं, एवढंच. सितारामला ते सुचलं आणि जमलं नाही.

"बुधवारी. तू वाचत होतीस तवा."

सुकेशनीने हातातली रिंग खाली ठेवली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"उद्या दवाखान्यात जायचं," ती म्हणाली. "सारंगला सांगायचं. बुधवारचं बी सांगायचं."

दोघं गेले. सारंगचे पाय पिंजऱ्यासारख्या कमानीखाली झाकलेले होते. सितारामने थाऊ सांगितला, मिलिमीटर सांगितला, बुधवार सांगितला. सारंगने डोळे मिटून ऐकलं.

"काका, चाळीस वर्षांत तुमचा आकडा चुकलेला कुणी ऐकला नाही. ताईसाठी किती अंगावर घ्याल?"

"बाबा खरं सांगायलेत," कॉटच्या पायथ्याशी उभी असलेली सुकेशनी म्हणाली.

"राहू दे ताई. झालं ते झालं." त्याने भिंतीकडे तोंड केलं.

गोष्ट गावात पसरली, पण उलटी. ताडकळसच्या बाजारात चहावाल्या सटवाजीने सितारामला बाकावर जागा करून दिली आणि चहा पाजला. "लेकीचं पाप बापानं डोक्यावर घेतलं. अशी माणसं ऱ्हायली न्हाईत."

"अरे, पण मी थाऊ म्हणलो होतो."

"हाव, थाऊच म्हणला असताल. घ्या चहा, निवंल."

सितारामने चार जणांना समजावून सांगितलं. चौघांनी मायेने मान हलवली. जितकं तो सांगत होता तितका तो मोठा होत होता आणि तितकी ती खाली जात होती.

पंधरा दिवसांनी सकाळीच एकजण ट्रॅक्टर घेऊन दारात आला. "उस्ताद, इंजिन बांधायचंय. तुमीच करा बर का. ताईचा हात नको."

सुकेशनी तिथेच उभी होती.

"रिंगा तीच घासती," सिताराम म्हणाला. "पटत नसलं तर ने."

माणूस घुटमळला, मग ट्रॅक्टर वळवून निघून गेला.

"कशाला घालवलाव त्याला?" सुकेशनी म्हणाली.

"त्यानं तसं बोलायला नको होतं."

"बुधवारी तुमी बोलायला पायजे होतं. आता कितीबी बोललाव तरी तुमचंच नाव व्हायलंय."

तिने खुंटीवरची पिशवी घेतली. रजा संपली होती. साडेआठची परभणीची बस होती, आणि शोरूमचं काउंटर दहाला उघडायचं.