पोहणाऱ्या उंदरांची बरणी

मी बरणी बोलतेय. काचेची, उंच, गोल. माझ्या बहिणींच्या वाट्याला साखर आली, पीठ आलं. माझ्या वाट्याला उंदीर आले.

जन्म भट्टीतला. कारागिरानं मला उजेडासमोर धरलं, "कुठे ओरखडासुद्धा नाही," म्हणाला आणि गवतात गुंडाळून पाठवून दिलं. हा गुळगुळीतपणाच माझा गुण, हे मला प्रयोगशाळेत कळलं. माझ्या अंगावर नखं टिकत नाहीत. आत पडलेल्याला वर चढता येत नाही.

काम सांगते. माझ्यात कोमट पाणी भरायचं, पाय टेकणार नाहीत इतकं. मग उंदीर सोडायचा. तो धडपडतो, कडेकडेनं फिरतो आणि केव्हातरी थांबतो. नाक तेवढं वर ठेवून नुसता तरंगतो. थांबला की घड्याळाचं बटण दाबायचं. इथे त्याला 'खचला' म्हणतात. जे औषध घेतल्यावर उंदीर कमी खचतो, ते उदास माणसालाही लागू पडेल, अशी इथल्या लोकांची आशा.

ते घड्याळ इथे संशोधन करणाऱ्या ताईच्या हातात असे. ती एका झुडपाच्या पानांचा अर्क उंदरांना पाजून बघत होती.

"अर्क पाजतेस की भरवसा?" शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला चिडवायचा.

"तुला पाजू का? गप्प तरी बसशील."

एकदा मात्र तो हसला नाही. ताईच्या पिशवीत त्याला त्याच अर्काची तपकिरी बाटली दिसली.

"ही कुणासाठी?"

"आईसाठी. दादा गेल्यापासून खुर्चीत बसलीये ती बसलीच आहे. बोलत नाही, डॉक्टरकडे येत नाही. आजचे उंदीर नीट पोहले की चहातून देणार."

"वेड लागलंय का तुला? उंदीर आणि आई एकच का? काही झालं म्हणजे?"

"मग काय करू? नुसती बघत बसू?"

तो आपल्या टेबलाकडे वळला.

घरी आईजवळ बसायला कुणी नव्हतं, म्हणून त्या दुपारी ताई तिलाही घेऊन आली. माझ्याशेजारच्या स्टुलावर बसली, हात मांडीवर. ताईनं शेवटचा उंदीर सोडला. अर्क पाजलेला. तो पोहत राहिला, पोहतच राहिला. ताईची नजर पिशवीकडे गेली.

आणि उंदीर थांबला. नाक पाण्याखाली गेलं, वर आलं. पुन्हा गेलं.

"काय झालं त्याला?"

ताई दचकली. आईनं आपणहून काही विचारल्याला किती दिवस झाले होते!

"खचला, आई. थांबला की खचला असं धरायचं."

"खचला कुठे? दम धरलाय त्यानं."

ताईचा अंगठा बटणावरच राहिला. माझ्या पाण्यात एक बुडबुडा वर आला. नाक या वेळी उशिरा दिसलं.

"काढ त्याला."

"वेळ व्हायचाय अजून. आकडा वाया जाईल गं."

"दम काय जन्मभर धरता येतो का, बाळा?" आईचा आवाज चिरकला. "किती बघत बसशील? काढ ना बाहेर."

ताईनं बाहीसकट हात माझ्यात घातला. घड्याळ हातातून खाली पडलं, तिकडे कुणी पाहिलं नाही. टॉवेलात गुंडाळलेला उंदीर आईनं मागून घेतला आणि हलक्या हातानं चोळू लागली. बऱ्याच वेळानं तो शिंकला.

ताईनं तपकिरी बाटली मोरीत रिकामी केली.

"उद्या डॉक्टरकडे जायचंय. मी तुझ्याबरोबर आहे. नाही म्हणू नकोस."

आई हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. चोळत राहिली.

पुढे धुताना माझ्या कडेचा टवका उडाला. आता मी मोरीजवळ पालथी असते आणि माझ्या जागी नवी बरणी आहे. तुमच्या घरात कुणी असंच निश्चल बसलं असेल, तर ते खचलंय की दम धरून आहे, हे मला विचारू नका. इतके उंदीर पाहिले, पण मला काही ते ओळखता आलं नाही. आणि आलं असतं तरी काय? काचेला हात नसतात.

तुम्हाला आहेत.