कुरडयांचं संहिताकरण

मी संहिताकरण बोलतोय. घाबरू नका, आजार नाही मी, शब्द आहे. विखुरलेले कायदे गोळा करायचे, आपसात भांडणारे सोडवायचे आणि सगळे क्रमानं एका जागी मांडायचे, या कामाचं नाव मी. जन्म संस्कृताच्या घरचा, पण सारी जिंदगी वकिलांच्या कपाटात गेली. कुणी नाव घ्यायचं तेही आधी खाकरून.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र प्रताप नगरातल्या एका बिल्डिंगचे सेक्रेटरी आनंदराव मला थेट गच्चीवर घेऊन गेले.

गच्चीचे नियम म्हणजे नुसता गुंता! एक पाटी म्हणे 'येथे वाळवण घालावे', दुसरी म्हणे 'घालू नये', आणि जिन्यातली म्हणे 'गच्चीवर येऊच नये'. त्यात कुसुमावतीबाईंच्या कुरडया उन्हात कडक होऊन पसरलेल्या. नात वेदिकाच्या रुखवताच्या. लग्न आठवड्यावर आलेलं. आनंदरावांनी त्या उचलून स्वतःच्या घरी नेल्या.

बाई तरातरा आल्या. "काहून गा आनंदराव, माह्या कुरडया कुठी गेल्या?"

"नियमांचं संहिताकरण करून राहिलो, काकू. तोवर राहू द्या माझ्याकडं."

बाईंनी कपाळावर हात मारला. "वेदिका, धाव वं! यानं कुरडयांचं संहिताकरण केलं!"

झालं. माझा अर्थ ठरला: लंपास करणं. संध्याकाळपर्यंत मी सगळ्या मजल्यांवर. मांजरीनं दुधाचं संहिताकरण केलं. वॉचमन लहानूच्या चपलांचं देवळाबाहेर संहिताकरण झालं. इतका मी कधी वापरला गेलो नव्हतो, आणि इतका चुकीचाही!

वेदिका आनंदरावांच्या दारात उभी राहिली. "काका, करायचं तर आजच करा नं. नाहीतर रुखवतात तुमच्या पाट्याच मांडीन मी."

आनंदराव तसेच पाट्यांकडं धावले. तिन्ही पाट्या उतरल्या, एकच लागली: 'दिवसा वाळवण, रात्री कपडे, माणसं केव्हाही.' अहाहा! हाच तो मी, खराखुरा. डोळे असते तर भरून आले असते.

कुरडया परत आल्या. बाईंनी डबा हलवून पाहिला, मग आनंदरावांकडं पाहिलं. मिशीला तेल चकाकत होतं.

"चव पाहून राहिलो होतो, काकू... दोनचारच."

"पाह्य वं वेदिका! मले समजलंच होतं, संहिताकरण म्हणजे काय ते!"

रुखवताचं ताट तेवढं भरलं, देवाची कृपा.

तर बाबांनो, माझा खरा अर्थ वर सांगितलाय, तोच धरा. पण प्रताप नगरात कोणी "संहिताकरण करतो" म्हणालं, तर आधी डब्याचं झाकण लावा.