मोंतेसोर्दोचा एककाटी मनोरा

तुम्ही गाव बघत नाही. गावासमोर उभं राहून स्वतःचे फोटो काढता, आइस्क्रीम खाता आणि पार्किंगची वेळ संपायच्या आत पळता. कोण म्हणून विचारू नका. ज्याला लागायचं त्याला लागलंय.

मी मोंतेसोर्दोचा मनोरा बोलतोय. खरा मनोरा इटलीत, टेकडीवरच्या मोंतेसोर्दो गावात आहे. मी त्याची वीतभर उंचीची, भाजक्या मातीची नक्कल. मतं मात्र पूर्ण उंचीची आहेत.

ग्राझिएला नावाच्या कुंभारणीने मला तिथल्याच मातीतून घडवलं. माझ्या घड्याळाला एकच काटा आहे, कारण खऱ्या घड्याळालाही एकच आहे. तास कळला की पुरे. मिनिटं विचारणारा बाहेरगावचा, असं तिथे मानतात. माझ्या उतावळ्या स्वभावाला ही संथ वृत्ती मुळीच पटत नाही, पण मातीला कोण विचारतं.

एका सुट्टीत हरीश आणि मीनल इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सहून आले, सोबत त्यांची अकरा वर्षांची तनू. हरीशने वेस बघितली, तटबंदी बघितली आणि निकाल दिला, "आपल्या राजगडापुढे काहीच नाही." मग तो गाडीकडे गेला. तनू मात्र ग्राझिएलाच्या दुकानात रेंगाळली. मला कागदात गुंडाळता गुंडाळता ग्राझिएलाने तिला गावाची गोष्ट सांगितली.

गावात दोन घराणी, एकमेकांच्या जिवावर उठलेली. एकाने बुरूज बांधला की दुसरं त्याहून उंच बांधणार. अशात शत्रूचा वेढा पडला. टेकडीवर ना झरा ना विहीर. तहानेने शरण येतील म्हणून शत्रू खाली वाट बघत बसला. पण गावातल्या प्रत्येक छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळींतून चौकाखालच्या एकाच टाक्यात जायचं. त्या दोन घराण्यांचंही. बोलणं बंद होतं, पन्हळी चालू होत्या. शेवटी शत्रूच कंटाळून निघून गेला. आज त्या टाक्याच्या कठड्यावर लोक आइस्क्रीमचे कप ठेवतात. आठवलं की मला तडा जायची वेळ येते.

मिल्टन कीन्सला माझी नेमणूक खालच्या टॉयलेटच्या खिडकीत झाली, एअर फ्रेशनरशेजारी. पाहुण्यांना मोडकं घड्याळ दिसायला नको म्हणून हरीशने फेल्टपेनने मला दुसरा काटा काढला. एका अख्ख्या गावाचा इतिहास त्याने हात धुता धुता दुरुस्त केला.

माझी सुटका केली दिवाळीने. इथलं मराठी मंडळ किल्ल्यांची स्पर्धा घेतं. परीक्षक घरोघरी येतात. गेल्या वर्षी तनूने पुण्याहून मागवलेला तयार किल्ला मांडला होता. परीक्षक श्रीनिवासकाकांनी विचारलं, "गडावर पाणी कुठून येतं?"

तनू म्हणाली, "टॅपमधून."

सगळे हसले. ती वरच्या खोलीत जाऊन बसली ती फराळालाही उतरली नाही.

यंदा तिने ठरवलं, आपल्याला ठाऊक आहे तोच गड करायचा. गार्डनमधल्या चिखलातून मोंतेसोर्दो उभं राहिलं. उतारावर अळीव उगवला, स्ट्रॉच्या पन्हळी झाल्या, दह्याच्या डब्याचं टाकं झालं आणि माथ्यावर मी.

"काका बाद करतील हं," हरीश म्हणाला. "निदान मावळे तरी ठेव."

"बाबा, तिकडे मावळे नव्हते."

"हॉलिडेला आले असतील."

श्रीनिवासकाका आले, सोबत त्यांच्या पत्नी अरुणाकाकू. हरीशला धीर धरवला नाही. "काका, हा आपला तोरणा."

काकांनी चष्मा सारखा केला. "तोरण्यावर घड्याळ कधी बसवलं?"

"तोरणा बाबाने मेक अप केलं," तनू म्हणाली. "हा इटलीमधला गाव आहे. मोंतेसोर्दो."

"छान आहे, बेटा. पण स्पर्धा आपल्या गडांची आहे." काका पेनाला टोपण लावू लागले.

तनू जागची हलली नाही. "काका, तुम्ही तो क्वेश्चन नाही विचारला. लास्ट इयरचा."

काका थांबले. मग गुडघे धरत वेशीसमोर उकिडवे बसले. "बरं. गडावर पाणी कुठून येतं?"

तनूने झारी उचलली आणि साऱ्या छपरांवर पाऊस पाडला. त्या दोन भांडकुदळ घराण्यांवर जरा जास्तच. पाणी स्ट्रॉमधून धावलं, टाक्यात उतरलं. टाकं भरलं तरी तनू थांबेना. पाणी टाक्यातून चौकात आणि चौकातून वेशीबाहेर पडून थेट काकांच्या कापडी बुटांत शिरलं.

"फायटिंग करायचे," तनू म्हणाली, "पण पाणी सेमच प्यायचे."

त्या सरींत माझा फेल्टपेनचा काटा ओघळून गेला. मी पुन्हा एका काट्याचा झालो, आणि खरं सांगतो, त्या वेळी मलाही मिनिटांची गरज वाटली नाही.

आता एवढंच मागणं आहे. मला परत त्या एअर फ्रेशनरशेजारी नेऊन ठेवू नका. आणि कुठल्याही गावी गेलात तर आइस्क्रीम कुठे मिळतं हे विचारण्याआधी तिथलं पाणी कुठून येतं ते विचारा.

काका उठले, बुटांतून पचपच आवाज आला. "पण नियमाप्रमाणे बघायला गेलं तर..."

"अहो, मोजे आणि नियम दोन्ही घरी वाळत घालू," अरुणाकाकू म्हणाल्या. "आधी पोरीला मार्क द्या."