ठमीच्या पोटातला पडदा

माझी सून जनावरांची डॉक्टर आहे आणि उंचीने माझ्या खांद्याला लागते. फडताळावरचा डबा हवा असला तर स्टूल ओढत आणेल, पण "आई, जरा काढून द्या" म्हणायची नाही. मला याचा राग यायचा.

आमची गाय ठमी व्यायल्यापासून चाऱ्याला तोंड लावेना. सुनेने तिच्या डाव्या कुशीवर टिचकी मारून स्टेथोस्कोपने ऐकलं.

"हिच्या चार पोटांतलं चौथं तळाशी असायला हवं, ते वायूने फुगून डावीकडे वर चढलंय. आजच उघडायला हवं, नाहीतर जाईल."

तिच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर परगावी. एकटीने करायचं हे तिचं पहिलंच ऑपरेशन, तेही घरच्या गायीचं.

ठमी उभीच होती, आमच्या ह्यांनी दावं धरलेलं. पोट उजवीकडे ओढून टाचायचं, म्हणून उजवी कूस बधिर करून सुनेने चीर दिली. आत चरबीची जाळी असलेला पातळ पडदा दिसला.

"हा चौथ्या पोटाला जोडलेला असतो. वायू काढून हा ओढला की पोट मागोमाग येतं. मग पडदाच कुशीला टाचायचा, म्हणजे बाईसाहेब पुन्हा भटकायला जाणार नाहीत."

सुई लावलेली नळी घेऊन तिने हात आत घातला. खांदा टेकला, गाल टेकला, टाचा उचलल्या.

"पोचत नाही," ती रडवेली झाली. मग माझ्याकडे वळली. "आई, तुमचा हात लांब आहे. द्याल?"

द्याल काय विचारतेस! मी खांद्यापर्यंत हात घासून लांब हातमोजा चढवला.

"सुईचं टोक बोटाखाली झाका. मोठ्या पोटाच्या मागून वळसा घाला. ताणलेलं काही लागतंय?"

"लागलं!"

"टोचा."

नळीतून असा वास सुटला की हे ओरडले, "अगं, आधी सांगायचं तरी!"

पुढचं सगळं तिचं. पडदा ओढता ओढता चरबीची जाड घडी वर आली. तिला डॉक्टर लोक डुकराचा कान म्हणतात म्हणे. गायीच्या पोटात! टाचायची जागा ओळखायची खूण हीच; ती पटल्यावर तिने पडदा कुशीला पक्का टाचला.

संध्याकाळी ठमीने चाऱ्याची पेंडी ओढली. सून माझ्या गळ्यात पडून रडली. "मेली असती तर हो, आई?"

"मेली नाही ना!" मी खेकसले आणि तिला घट्ट धरलं. गाय वाचल्याचा आनंद होताच, पण खरं सांगते, तिने मला हात मागितला याचा त्याहून जास्त झाला.